राहायला नाही, जगायला

आठवीत असताना शाळेत 'माझं कुटुंब' असा एक प्रकल्प होता. शाळा इंग्रजी माध्यमाची, पण हा प्रकल्प मराठीच्या तासाचा. त्यात मी लिहिलं होतं : 'माझे आजी-आजोबा १९७२ साली गाव सोडून पुण्यात राहायला आले.' हे वाक्य माझं नव्हतं, आजीचं होतं. फक्त ती ते जरा वेगळं म्हणायची : "आमी भात्तर साली पुण्याला जगायला आलो." मला वाटलं, हा तिच्या माणदेशी बोलीचा भाग. शुद्ध मराठीत 'राहायला' म्हणतात, तिच्याकडे 'जगायला' म्हणत असतील. इंग्रजीत तर 'लिव्ह' या एकाच शब्दात राहणं आणि जगणं दोन्ही येतं. त्यामुळे मला काही खटकलंच नाही. मी आजीचं वाक्य सुधारलं आणि वहीत उतरवलं.

ती सुधारणा चुकीची होती, हे कळायला मला अकरा वर्षं आणि एक कादंबरी लागली.

दोन वर्षांपूर्वी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही दिवस टीव्ही बंद. आजीला वाचता येत नाही, पण ऐकायला फार आवडतं. मी म्हटलं, तुझ्या भागातलंच काहीतरी वाचून दाखवते, आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढली. रोज रात्री जेवणं झाली की वीस-पंचवीस मिनिटं वाचन. ही कादंबरी मी कॉलेजात एकदा वाचली होती आणि 'छान, साधी, छोटी' असा शेरा मारून बाजूला ठेवली होती. या वेळी मात्र दर दोन पानांनी आजी मला थांबवत होती. कारण मी मोठ्याने वाचत होते, आणि मोठ्याने वाचताना शब्दाचा अर्थ आपल्याला कळलेला नाही हे लपत नाही. आवाज चुकीच्या ठिकाणी चढतो.

'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपात आली. औंध संस्थानाच्या काळात एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या एका लहानशा वाडीवर शाळा चालवायला जातो. माणसं मेंढरांमागे, पोरंही मेंढरांमागे. शाळेत कोणी नाही. वाडीचा म्हातारा कारभारी या पोरसवदा मास्तराला हळूहळू आपलं म्हणतो, शाळा भरू लागते, वाडी मिळून एक तालीम बांधते, राजा येऊन जातो. मग पाऊस येत नाही. गोष्ट एवढीच आहे. यावर अमोल पालेकरांनी १९९५ साली चित्रपटही केला.

या कादंबरीबद्दल बोलताना 'बोलीभाषेचा गोडवा' हे दोन शब्द हमखास येतात. मला त्यांचा राग येऊ लागला आहे. गोडवा म्हटलं की बोली म्हणजे वरून पेरलेली कोथिंबीर होते. काढून टाकली तरी भाजी तीच. 'बनगरवाडी'त तसं नाही. तिथे ओळखीचेच शब्द येतात, आणि गोष्ट कळते ती त्या शब्दांच्या दुसऱ्या अर्थाने. अडलेला शब्द आपण निदान शोधतो तरी. ओळखीचा शब्द फसवतो, कारण तो शोधावा असं वाटतच नाही.

पहिला फसवा शब्द 'रान'.

माझ्या मराठीत रान म्हणजे जंगल. रानडुक्कर, रानफुलं, रानटी. कॉलेजात वाचताना कादंबरीतली माणसं सारखी रानात जात होती आणि माझ्या डोळ्यांसमोर दाट झाडी येत होती. माणदेशात, जिथे सावलीसाठी एक बाभूळ सापडली तरी नशीब! मोबाइलवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपला विचारलं असतं तरी चूक सुधारली नसती. मी नंतर मुद्दाम विचारून बघितलं, त्याने 'जंगल' एवढंच दाखवलं. आजीसमोर वाचताना मी 'रान' शब्दावर जरा गूढ आवाज काढला, तेव्हा ती हसायलाच लागली. "आगं, रान म्हंजे शेत. आपलं रान न्हाई का हुतं वड्याकडंला?"

तेव्हा मला आठवलं की लहानपणी ती सांगायची, "तुजं आजोबा दिवसभर रानात असायचं," आणि मी आजोबांना जंगलात राहणारा कोणी शूर माणूस समजत होते. ते आपल्या तीन एकरांत भांगलत असायचे.

आता प्रश्न असा, की जंगल आणि शेत या जवळजवळ उलट्या गोष्टींना एकच शब्द कसा? शब्दाचा इतिहास सांगण्याइतका माझा अभ्यास नाही. पण कादंबरी वाचताना मला एक उत्तर सुचलं. माणदेशातल्या कोरडवाहू जमिनीत शेत आणि पडीक यांच्यामधली रेघ माणूस आखत नाही, पाऊस आखतो. पाऊस झाला तर पेरलेलं रान हिरवं. नाही झाला तर तेच रान उघडं, मेंढरांनाही तोंड लावायला काही नाही. 'शेत' म्हटलं की बांध, मालक, सातबारा डोळ्यांसमोर येतो. 'रान' म्हटलं की जमीन अजून पूर्ण आपली झालेली नाही हे शब्दातच राहतं. कादंबरीचा शेवट या शब्दात आधीपासून बसलेला आहे. पण रान म्हणजे फक्त जंगल असं धरून वाचणाऱ्याला तो दिसत नाही. मला दिसला नव्हता.

माझे काही मित्र स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकात 'अनेकार्थी शब्द' असा धडा असतो. कर : हात, किरण, सरकारी सारा. अंबर : आकाश, वस्त्र. जीवन : आयुष्य, पाणी. मित्र ही यादी पाठ करतात, स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवतात, आणि परीक्षेत मार्क मिळतात. त्यात वाईट काही नाही. पण 'जीवन' म्हणजे पाणी हा अर्थ त्यांच्यापैकी एकालाही कधी वापरावासा वाटलेला नाही. गंमत म्हणजे हा अर्थ आपल्या आसपास जिवंत आहे. राज्यात पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या सरकारी संस्थेचं नावच 'महाराष्ट्र जीवन प्राधिकरण' आहे. पाटीवर तो शब्द वाचताना आपण 'आयुष्य' असं वाचतो आणि पुढे जातो.

यादीची अडचण हीच आहे. यादीत अर्थ एकाखाली एक उभे असतात, रांगेत अनोळखी माणसं उभी असावीत तसे. त्यांचं आपसातलं नातं काय, कोणता अर्थ कोणाच्या तोंडी येतो, एक म्हणताना दुसरा किती ऐकू येतो, हे यादी सांगत नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालचा, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ची; तो आज मोबाइलवर फुकट बघता येतो आणि मी तो रोज उघडते. पण कोशाने दिलेल्या चार अर्थांतला या वाक्यातला कोणता, हे ठरवायचं काम वाचणाऱ्याचंच असतं. कादंबरी ते काम शिकवते, कारण ती एकच शब्द वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी आणि वेगवेगळ्या दिवसांत पुन्हा पुन्हा समोर आणते.

'कारभारी' घ्या. इतिहासाच्या पुस्तकात कारभारी म्हणजे पेशव्यांच्या दरबारात राज्य चालवणारा मोठा माणूस. वर्तमानपत्रात 'कारभार' या शब्दाच्या आधी 'भोंगळ' किंवा 'मनमानी' असतंच. आणि गावाकडे बायको नवऱ्याला हाक मारते तीही 'कारभारी'. 'बनगरवाडी'त तो वाडीचा प्रमुख. त्याच्या हाताखाली ना दफ्तर ना शिपाई. पण पोरांनी शाळेत यावं की नाही हे त्याच्या शब्दावर ठरतं, आणि मास्तराला ते पहिल्या काही दिवसांतच कळतं. सत्ता आणि घरपण या दोन गोष्टी या एका शब्दात मिसळलेल्या आहेत. तो वाडीचा कारभार घर चालवल्यासारखा बघतो. म्हणून त्याचं प्रेम ऊबदार आहे, आणि त्याचा संशयही घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या संशयासारखा बोचरा आहे. इंग्रजीत राम देशमुखांनी या कादंबरीचं भाषांतर 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' या नावाने केलं आहे. 'कारभारी'साठी भाषांतरकाराला कुठला तरी एक शब्द निवडावाच लागतो. मूळ वाचणाऱ्यावर ती सक्ती नसते. तो दोन्ही अर्थ एकदम हातात धरू शकतो.

इथे आजीने मला एक टोला दिला. "आन् कारभारीन?" ती म्हणाली. "ती कुठं हाय ह्यात?" कारभारीण म्हणजे घर चालवणारी बाई. मी पानं चाळली. प्रश्न बरोबर होता. कादंबरीत बायका आहेत, लक्षात राहतात, पण सांगणारा मास्तर तरुण, एकटा, परका. बायका एकमेकींशी काय बोलतात हे त्याच्या कानावर फारसं पडत नाही. त्यामुळे 'कारभारी' या शब्दाचा जो अर्थ बायकांच्या तोंडचा आहे, थोडा लाडाचा, थोडा टोमण्याचा, तो इथे जवळजवळ नाही. माडगूळकरांनी सांगणारा असा निवडला त्याचे फायदे पुष्कळ आहेत. आपल्यासारखा बाहेरचा वाचक त्याच्याबरोबर शिकत जातो. पण त्याची किंमतही आहे. कादंबरी शब्दाचे सगळे अर्थ शिकवत नाही. सांगणाऱ्याला जेवढे ऐकू आले तेवढेच शिकवते. उरलेले मला आजीकडून मिळाले.

तिसरा शब्द 'तालीम'. पुण्यात वाढल्यामुळे हा माझ्या ओळखीचा. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेसाठी आम्ही रात्र रात्र तालमी केल्या. म्हणजे एक तालीम लाल मातीची, कुस्तीची, दुसरी नाटकाची. दोन्हींत घाम सारखाच. पण शब्द मुळात अरबीतून आलेला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'शिकवणं'. हिंदी-उर्दूत आजही तालीम म्हणजे शिक्षण. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या शिक्षणपद्धतीला 'नई तालीम' म्हणतात, ते याच अर्थाने.

आता कादंबरीकडे परत या. मास्तर वाडीवर येतो शाळेसाठी. शाळा धड रुजत नाही. मेंढरांमागे जाणाऱ्या पोराला अक्षरांचा उपयोग काय, हा प्रश्न वाडीला पडलेलाच असतो. पण मास्तर जेव्हा तालमीची कल्पना मांडतो तेव्हा सगळी वाडी कामाला लागते. कोणी दगड आणतं, कोणी हात देतं. वाडीने खऱ्या अर्थाने मिळून बांधलेली गोष्ट म्हणजे ही तालीम. कॉलेजात मी हे 'खेड्यातली एकी' या मथळ्याखाली वाचलं होतं. आता वाटतं, मास्तराने वाडीला शिक्षण दिलंच, फक्त ते शाळेच्या इमारतीत मावलं नाही. माडगूळकरांच्या मनात शब्दाचा तो जुना अर्थ होता की नाही, मला माहीत असायचं कारण नाही. पण भाषेच्या मनात तो होता, आणि एवढं वाचकाला पुरतं.

या वाचनातून मला एक अगदी व्यवहारी गोष्ट सापडली, ती सांगते, कारण ती शाळेत कोणी सांगितली नव्हती. मराठीत पुष्कळदा शब्दाचं लिंग अर्थ सांगतं. 'ती माळ' गळ्यात घालायची. 'तो माळ' म्हणजे उघडं, खडकाळ रान. 'माळेत' आणि 'माळावर' या रूपांत फरक लगेच दिसतो. 'तो हार' फुलांचा, 'ती हार' सामन्यातली. 'माझा वेळ गेला' म्हणताना वेळ पुल्लिंगी, म्हणजे काही तासांचा अवधी; 'जेवायची वेळ झाली' म्हणताना तीच स्त्रीलिंगी, म्हणजे ठरलेला क्षण. आपण हे बोलताना कधी चुकत नाही, पण वाचताना अर्थ शोधायला वापरतही नाही. शब्द अडला तर कोश उघडण्याआधी त्याच्या शेजारचं क्रियापद बघा, विशेषण बघा. शब्द 'तो' आहे की 'ती' हे कळलं की निम्मं काम झालेलं असतं. उरलेल्या निम्म्यासाठी तो शब्द पुन्हा भेटेपर्यंत थांबायला हरकत नाही. चांगल्या कादंबरीत तो भेटतोच.

आम्ही शेवटाकडे आलो तेव्हा आजीचे प्रश्न कमी झाले. पाऊस लांबतो, चारा संपतो, जनावरं मरू लागतात. माडगूळकर इथे आवाज चढवत नाहीत. वाक्यं आणखी तोकडी होतात. माणसं उरलीसुरली मेंढरं घेऊन वाडी सोडू लागतात, एकेक घर बंद होत जातं. मी एक पान उलटलं आणि आजी म्हणाली, "पुरं आता."

तीन रात्री आम्ही वाचलं नाही. मला वाटलं, डोळे दुखत असतील. चौथ्या रात्री मी पुस्तक घेतलं नाही, नुसतीच तिच्याजवळ बसले. तिनेच विचारलं, "गेली का सगळी जगायला?"

मी म्हटलं, "कुठे राहायला गेली ते लिहिलेलं नाही."

"राहायला न्हाई गं," ती म्हणाली. "जगायला."

आणि मग तिने सांगितलं. कादंबरीतला दुष्काळ संस्थानी काळातला, तिचा बहात्तरचा. आधी गावाजवळच्या दुष्काळी कामावर तिने खडी फोडली. मजुरी, सुकडी, रेशनवर मिळणारी ती तांबडी मिलो, जिची भाकरी गळ्याखाली उतरायची नाही. विहिरीने तळ गाठला तेव्हा बैलजोडी विकली. विकली म्हणजे काय, जो नेईल त्याला दिली. मग दोन पोरं आणि एक बोचकं घेऊन ती दोघं पुण्याला आली. घर बघून नाही, नोकरी बघून नाही. तिथे पोटाला मिळेल एवढंच ऐकलं होतं. "पाऊस पडला की माघारी जायाचं हुतं," ती म्हणाली. "राहायला कोन आलं हुतं हितं?"

'जगायला जाणं' हा तिच्याकडचा नेहमीचा शब्दप्रयोग आहे. त्यात 'जगणं' म्हणजे आयुष्य घालवणं नाही, मरणातून वाचणं. आणि त्यात परत येणं गृहीत आहे. 'राहायला' म्हटलं की माणूस निवडून येतो, मुक्काम करतो, पत्ता बदलतो. मी आठवीत एक क्रियापद बदललं आणि आजीच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे ती इथे मनाने आलेलीच नव्हती, पुसून टाकली. शिवाय मी ते 'शुद्ध' करण्यासाठी केलं. पन्नास वर्षं पुण्यात काढलेल्या बाईच्या वाक्यात परत जायचं अजून शिल्लक होतं, आणि घरात कोणालाच ते ऐकू येत नव्हतं. ती रोजच्या शब्दांत सांगत होती, आम्ही रोजच्या अर्थाने ऐकत होतो.

म्हणून 'कादंबरी वाचल्याने शब्दसंपत्ती वाढते' हे वाक्य मला आता अपुरं वाटतं. माझ्याकडे 'रान', 'कारभारी', 'तालीम', 'जगणं' हे चारही शब्द आधीपासून होते. 'बनगरवाडी'ने मला नवा शब्द जवळजवळ एकही दिला नाही. तिने माझ्याकडचे शब्द किती अर्धे आहेत ते दाखवलं. तुमच्या घरात असं कोणी वयस्कर माणूस असेल, तर त्यांच्या भागातली एखादी कादंबरी त्यांना मोठ्याने वाचून दाखवून बघा. शब्द अडला तर 'याचा अर्थ काय?' असं विचारू नका. अर्थ विचारला की माणसं गप्प होतात, त्यांना वाटतं परीक्षा चालली आहे. 'तू हा शब्द कधी म्हणतेस?' असं विचारा. मग शब्दही निघतो आणि दिवसही.

शेवटची पानं आम्ही नंतर वाचली. एका बैठकीत, न थांबता. आजी काही बोलली नाही.

त्या प्रकल्पाची वही आईने जपून ठेवली होती. मी ती काढून बघितली. 'पुण्यात राहायला आले' या वाक्यापुढे मराठीच्या बाईंनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आहे. त्यांची काही चूक नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबरच आहे.